सातव्या वर्षाचं काय?

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

हे ‘वन्सं’ वाचून तू नाक मुरडणार, म्हणून मुद्दाम लिहिलं. होस्टेलच्या खोलीत दोन वर्षं माझा साबण वापरलास, मग सुट्टीत घरी नेऊन आपला भाऊ दाखवलास आणि कायमची नणंद होऊन बसलीस. तेव्हा एवढं ऐकून घ्यावंच लागेल.

घरी सगळं ठीक. आईंचा गुडघा कुरकुरतो, बाकी त्या स्वतः अजिबात कुरकुरत नाहीत. तुझा दादा दवाखान्यातून कुत्र्यामांजरांचे केस अंगावर घेऊन येतो आणि सोफ्यावर झाडतो. जनावरांच्या डॉक्टरशी लग्न करताना हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता खरी बातमी. आमच्या कंपनीला मोठे पैसे उभे करायचे आहेत आणि ते काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय. साहेब म्हणजे आमचे वित्तप्रमुख, ज्यांच्या प्रत्येक टायवर चहाचा डाग असतो तेच. आमच्या लिफ्ट आता कितीतरी देशांत वरखाली करतात, पण पैसे मात्र आम्ही अजून घराजवळच्या बँकांकडूनच घेतो. या बँका तीन वर्षांपलीकडे बघायला तयार नसतात. नवा कारखाना उभा राहायलाच तीन वर्षं लागणार. म्हणजे पहिली लिफ्ट दाराबाहेर पडायच्या आत कर्ज फेडा. तुमच्याकडे उलटं आहे. तिथे पेन्शन फंड आहेत, विमा कंपन्या आहेत. त्यांना पैसे आज गुंतवून दहा वर्षांनी परत आले तर हवेच असतात. व्याजही इथल्यापेक्षा कमी. म्हणून ठरलंय की तुमच्या देशात, तुमच्या चलनात, दहा वर्षांचे रोखे विकायचे. रोखा म्हणजे कर्जच, फक्त एका बँकेकडून घेण्याऐवजी शंभर ठिकाणांहून थोडं थोडं घ्यायचं. (हे तुझ्यासाठी नाही लिहिलं. पाकीट बंद करायच्या आधी आई हे पत्र वाचणार आहेत.)

फेब्रुवारीच्या शेवटी साहेब आणि मी तिकडे येतोय. गुंतवणूक करणाऱ्या मंडळींना एका हॉलमध्ये जमवून आपली कंपनी समजावून सांगायची, असा रिवाज आहे. साहेब हॉटेलात राहतील, मी तुझ्याकडे. गादी झटकून ठेव. आणि हो, तुझा फंडही असे रोखे घेतोच की. घरच्या माणसाच्या हातून बोहनी झाली तर बरं वाटेल.

तुझी,
वहिनी


२३ जानेवारी

प्रिय वहिनी,

नाक मुरडून झालं. साबण तुझा नव्हता, माझ्या आईने ट्रंकेत घालून दिलेला होता. आई, हे वाचत असशील तर साक्ष दे.

तुझं पत्र वाचून आधी मी खूप खूष झाले आणि मग चहा गार होईपर्यंत बसून राहिले. आमच्या ऑफिसात नियमांचं बघणाऱ्या एक बाई आहेत. सोमवारी सकाळीच त्यांच्याकडे गेले आणि नातं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“सख्खी वहिनी?”

“सख्खी.”

“भांडणबिंडण?”

“नाही.”

“वाईट झालं,” त्या म्हणाल्या. “असतं तर मला सोपं गेलं असतं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. रोख्यांचं काम पार पडेपर्यंत तू माझ्या घरी उतरायचं नाही. त्याबद्दल आपण पत्रातही चकार शब्द काढायचा नाही. तुमच्या माहितीपत्रकात जे छापून येईल तेवढंच मी वाचायचं, आणि काही विचारायचं असेल तर सगळ्यांसमोर विचारायचं. तूही तुमच्या कायदा खात्याला नातं कळवून टाक, उगाच मागाहून घोळ नको. गादी झटकली होती. आता तिच्यावर पुस्तकं ठेवलीत.

बोहनीचं म्हणशील तर, वहिनी, ते पैसे माझे नाहीत. बस चालवणारे, शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारे, दवाखान्यात चादरी धुणाऱ्या, अशा माणसांच्या पगारातून दर महिन्याला कापून आमच्याकडे येतात. म्हातारपणी ते त्यांना परत मिळायचे असतात. तू हे जाणतेसच. तरी लिहिलं, कारण तू ते गमतीत लिहिलं होतंस आणि मला गमतीत घेता आलं नाही.

हॉलमध्ये समोरासमोर येऊ तेव्हा अनोळखी असल्यासारखं वागायला जमेल ना? मला वाटतं तू हसशील.

तुझीच,
मी


६ मार्च

प्रिय वन्सं,

आम्ही सुखरूप पोचलो. आईंसाठी तुम्ही हॉटेलच्या काउंटरवर ठेवलेले लोकरीचे मोजे मिळाले. त्यांना बरोबर बसले.

रोखे निघाले नाहीत हे तुम्हाला ऑफिसात कळलंच असेल. तुम्ही विचारलेला प्रश्न उत्तम होता, असं सगळेच म्हणाले. मीसुद्धा म्हणते. निळा कोट घालून तिसऱ्या रांगेत तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी सोपं विचारून आम्हाला हात द्याल. तुम्ही विचारलंत, “कंपनीची बहुतेक कमाई तिच्या देशाच्या चलनात आहे आणि हे कर्ज आमच्या चलनात. तुमचं चलन घसरलं तर फेड महाग पडेल. त्यासाठी तुम्ही बँकेशी चलनबदलाचा दर बांधून घेतलाय, पण तो पहिल्या तीन वर्षांपुरता. मग सातव्या वर्षाचं काय?”

साहेब म्हणाले, आमचं चलन बरीच वर्षं स्थिर आहे. तुम्ही “आभारी आहे” म्हणून खाली बसलात. त्यानंतर तुमच्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी तेच विचारलं, मग विमा कंपनीच्या बाईंनी. दुसऱ्या दिवशी आमची रोखे विकून देणारी बँक म्हणाली की मागणी निम्मीही येत नाही, बाजारही पडलेला आहे, तूर्त गाशा गुंडाळलेला बरा.

विमानतळावर जाताना गाडीत साहेबांनी विचारलं, “ती निळ्या कोटातली बाई कोण होती हो?” कायदा खात्याला मी कळवलं होतं, पण साहेबांनी तो कागद वाचला नव्हता. मी म्हटलं, “माझी नणंद.” त्यांनी टायची गाठ सारखी केली. मग म्हणाले, “घरी बरं आहे ना तुमचं?”

जानेवारीत लिहिलं नव्हतं, आता लिहायला हरकत नाही. जुनी बँककर्जं डिसेंबरात फेडायची आहेत, आणि हे काम झालं नाही तर नव्या कारखान्याची जमीन विकून ती फेडावी लागतील. त्यासाठी घेतलेली माणसं घरी जातील. कामही माझ्याकडे राहील असं वाटत नाही.

तुम्ही तुमचं काम केलंत. त्याबद्दल काही म्हणणं नाही. लोभ असू द्यावा.

आपली,
वहिनी


१३ मार्च

धाकटे,

तुला अनेक आशीर्वाद. मोजे छान आहेत, पण डाव्या पायाचा थोडा घट्ट होतो.

सूनबाई तिकडून आल्यापासून मुकी झाली आहे. जेवते, ऑफिसला जाते, भांडी जोरात ठेवते. तुझ्या दादाला विचारलं तर म्हणाला, “धाकटीने पैसे द्यायला नको म्हटलं.” एवढं बोलून तो एका पोपटाला बघायला निघून गेला.

मला काही ते पटेना. तुझ्याजवळ मोठा फंड आहे असं तूच सांगत असतेस. घरचं माणूस एवढ्या लांब येतं, मागायला संकोचतं, तरी मागतं. आणि तू चारचौघांत उभी राहून त्याला परत कसे करणार म्हणून विचारतेस? बाजूला घेऊन विचारायचं होतंस. मी तुम्हा दोघांना असं वाढवलं नव्हतं.

शेवटी मी माझी ठेव मोडून तिला द्यायचं ठरवलं. तुझ्या बाबांच्या मागे जी ठेवली आहे ती. पासबुक तिच्यासमोर ठेवलं. ती आधी हसली आणि मग तिथेच ओट्याला टेकून रडली. म्हणाली, “आई, लिफ्टच्या कारखान्याला एवढ्याने नाही हो पुरायचं.” मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जरा वेळ उभी राहिली. लग्न होऊन आली त्या वर्षी ठेवलं होतं, त्यानंतर आत्ताच.

काय प्रकार आहे तो मला साध्या भाषेत लिही. आणि तिची समजूत काढ. मोठेपणा नंतर दाखव.

तुझी,
आई


२० मार्च

ती. आईस,

तुझं पत्र ऑफिसला जाता जाता वाचलं आणि माझा स्टॉप मागे राहिला.

आधी हे सांगते, वहिनीने माझ्यापुढे हात पसरला नव्हता. तिची कंपनी मोठी आहे, चांगली आहे, आणि तिच्यासारख्या कंपन्या जगभर अशाच पैसे उभे करतात. जिथे स्वस्तात आणि लांबच्या मुदतीने मिळतील तिथे जातात. त्यात कमीपणा काही नाही.

अडचण कुठे आली ते दादाचं उदाहरण देऊन सांगते. समज, दवाखान्यासाठी त्याने माझ्याकडून कर्ज घेतलं, आमच्या चलनात. फी त्याला तुमच्या चलनात मिळते. उद्या तुमचं चलन घसरलं तर मांजराच्या इंजेक्शनचे तेवढेच पैसे येणार, पण माझा हप्ता तुमच्या पैशात दीडपट होणार. दादाने काही उधळलं नाही, काही चुकलं नाही, तरी तो अडकला. आणि मी? मला हप्ता सोडून देता येईल, तो माझा भाऊ आहे. पण फंडाचे पैसे माझे नाहीत. मी ज्यांचे सांभाळते त्या माणसांनी वहिनीला कधी पाहिलेलं नाही.

बाजूला घेऊन का विचारलं नाही, म्हणतेस. तेच नेमकं करता येत नाही, आई. शंभर जणांना विकायची वस्तू आहे, त्यातलं एकीलाच कानात सांगितलं तर बाकीच्यांना फसवल्यासारखं होतं. आमच्याकडे त्यासाठी नोकरी जाते, आणि जायलाच हवी.

ठेव मोडू नकोस. डाव्या मोज्यात रात्रभर एक वाटी घालून ठेव, सैल होईल.

सोबत वहिनीसाठी चिठ्ठी आहे. ही मात्र वाचू नकोस. वाचशीलच, पण निदान तिला देऊन मग वाच.

तुझी,
धाकटी


(सोबतची चिठ्ठी)

वहिनी,

तू मला ‘तुम्ही’ लिहिलंस. पूर्ण पानभर. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर जेवण गेलं असतं.

जानेवारीत मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तुमच्या रोख्यांवरचं टिपण मलाच लिहायचं होतं. मी ते दुसऱ्याला द्या म्हणून सांगितलं, पण तुमच्याकडचा बाजार आमच्यात मलाच कळतो. मग असं ठरलं की पहिल्या ओळीत आपलं नातं लिहायचं, आणि निर्णयाच्या वेळी मी खोलीबाहेर बसायचं. तुला हे सांगितलं असतं तर तू आस लावून बसली असतीस, किंवा माझी काळजी करत बसली असतीस. दोन्ही मला नको होतं.

माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. तुझी वाक्यं ओळखू आली, बाकीच्यांच्या वाक्यांना शेवटच नसतो. सातव्या वर्षाचं उत्तर कुठेतरी पाठीमागे तळटिपेत सापडेल म्हणून शोधत होते. नाही सापडलं, म्हणून उभी राहिले.

मी येण्याआधी आमच्या फंडाने अशाच एका कंपनीचे रोखे घेतले होते. चलन घसरलं, कंपनी बसली. त्यानंतर दोन वर्षं आमच्या लोकांच्या पेन्शनमध्ये एक पैसा वाढला नाही. त्या वर्षांत लोकांनी पाठवलेल्या पत्रांना उत्तरं मी लिहिली आहेत.

तुझं काम गेलं तर मला वाईट वाटेल. पण प्रश्न मागे घ्यावासा वाटत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला त्यांचं काय करावं ते कळत नाही.

तुझी,
(तू म्हणशील ती)


२६ जून, हॉटेल, दुपार

प्रिय वन्सं,

हे पत्र पोस्टाने नाही, हॉटेलच्या माणसाबरोबर पाठवतेय. तुझ्या घरापासून मी चालत वीस मिनिटांवर आहे. काम पार पडलंय, म्हणून लिहायला मोकळी आहे. तीन महिने गप्प राहिले त्याचं कारणही आता सांगता येईल.

पहिले पंधरा दिवस मी रागातच होते. आंघोळ करताना तुला उत्तरं द्यायचे. एका रविवारी तुला झणझणीत पत्र लिहायचं म्हणून बसले. तुझा प्रश्न वर लिहिला आणि त्याखाली त्याचं खणखणीत उत्तर लिहिणार होते. अर्धा तास गेला. दुसरा चहा झाला. उत्तर नव्हतंच, बाई. आम्ही तीन वर्षांचा बंदोबस्त केला होता आणि पुढचं ‘बघू’ म्हणून सोडून दिलं होतं. व्याज कमी दिसलं, तेवढ्यानेच आम्ही हुरळलो होतो.

सोमवारी साहेबांना तेच सांगितलं. वाटलं, आता मला घरी पाठवतात. त्यांनी टाय सैल केला, म्हणाले, “मलाही त्या दिवसापासून झोप नाही. बसा.”

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली, आणि काम पुन्हा सुरू झालं म्हणून तुला लिहिणंही बंद. तुमच्या देशात आमची किती कमाई आहे? आम्ही तिथे लिफ्ट विकतो त्या थोड्याच, पण जुन्या लिफ्टच्या देखभालीचे करार पुष्कळ आहेत. त्या इमारती दर महिन्याला पैसे देतात, तुमच्याच चलनात, आणि लिफ्ट आहे तोवर देत राहणार. मग ठरवलं की या पैशातून जेवढं व्याज आणि मुद्दल फेडता येईल तेवढेच रोखे तिकडे काढायचे. आलेले पैसे तिथल्या तिथेच फेडीला जातील, चलन चढो की पडो. तो आकडा आधीच्या निम्म्यापेक्षा कमी आला.

उरलेले कुठून आणायचे? नवे शेअर विकून. शेअरवर व्याज नसतं, परत करायची तारीख नसते. पण घेणारा मालकीत वाटेकरी होतो. आणि इथे आमचे थोरले मालक आडवे आले. एका शेडमध्ये दोन माणसांवर त्यांनी ही कंपनी सुरू केली, आणि आजवर वाटेकरी म्हटला की त्यांच्या कपाळाला आठी. साहेब मला घेऊन त्यांच्या घरी गेले. थोरले मालक बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते.

“म्हणजे परकी माणसं घरात घ्यायची,” ते म्हणाले. “आज शेअर घेतील, उद्या मला कसं चालवायचं ते शिकवतील.”

साहेबांनी आकडे सांगायला सुरुवात केली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मी सून आहे एका घरची. परकं माणूस घरात आलं की भांड्यांच्या जागा बदलतात. पहिल्यांदा काही सापडत नाही, चिडचिड होते. पण त्याने घर मोडत नाही. डिसेंबरात जमीन विकावी लागली तर मात्र मोडेल.”

ते कुंडीतली माती चाचपत राहिले. मग विचारलं, “तुमच्या सासूबाई काय म्हणतात?”

म्हटलं, “भांडी आता मी ठेवते तिथेच शोधतात.”

हसले नाहीत. पण आठवड्याने त्यांनी सही केली. शेअर मे महिन्यात विकले गेले, काही इथे आणि काही बाहेरच्या बाजारात. मग राहिले रोखे. ते काल झाले.

या वेळी हॉलमध्ये साहेबांनी मलाच बोलायला लावलं. तू दुसऱ्या रांगेत होतीस. मी सातव्या वर्षाचं पान लावलं तेव्हा तुझ्याकडे बघायचं टाळलं, आणि तू काहीच विचारलं नाहीस. फक्त वहीत काहीतरी लिहिलंस आणि मान खाली ठेवलीस. हसत होतीस का?

काल सकाळी बँकेच्या खोलीत बसलो. तिथे गंमत असते. व्याजाचा दर आधी जरा चढा सांगतात, मागण्या येऊ लागल्या की हळूहळू उतरवतात, आणि कोण अजून टिकून आहे ते बघतात. जेवायच्या वेळेपर्यंत आम्हाला हवे होते त्याच्या तिप्पट देऊ करणारे लोक उभे होते. साहेबांच्या टायवर नवा डाग पडला आणि त्यांना पत्ता नव्हता.

आता वाईट बातमी. तुझ्या फंडाने जेवढे मागितले त्याच्या निम्मेही मिळाले नाहीत. मागणी तिप्पट झाल्यावर सगळ्यांच्या वाट्याला कात्री लागते. वाटणीच्या वेळी मी उठून बाहेर गेले, तू गेली होतीस तशीच. तेव्हा रुसायचं असेल तर साहेबांवर रुस.

माझं परतीचं तिकीट सोमवारचं आहे. नियमवाल्या बाईंना विचार, आता एका नणंदेच्या घरी एका वहिनीने दोन दिवस उतरलं तर चालतं का.

तुझी,
वहिनी


२६ जून, संध्याकाळ

वहिनी,

बाई सुट्टीच्या दिवशीही फोन उचलतात. त्यांनी विचारलं, “रोखे विकून झाले? वाटणी जाहीर झाली?” मी हो म्हटलं. “मग मला कशाला विचारता,” म्हणाल्या, “गादीवरची पुस्तकं उचला.” पुस्तकांचं त्यांना मीच कधीतरी सांगितलं असणार.

हसत होते. वहीत ‘उत्तर मिळालं’ एवढंच लिहिलं होतं.

ज्याच्याबरोबर पत्र पाठवलंस त्याच्याच हाती उत्तर देतेय. त्याच्यामागोमाग निघ. निम्म्याहून कमी दिलेत त्याचा जाब घरी विचारीन.

मी


१८ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं ऑगस्टचं पत्र आणि कारखान्याच्या पायाचा फोटो मिळाला. खड्ड्याशेजारी हेल्मेट घालून उभी राहिलेली तू आणि तुझ्या शेजारी छत्री धरलेले थोरले मालक, हा फोटो मी टेबलावर ठेवणार होते, पण नियमवाल्या बाई म्हणाल्या घरी ठेवा. घरी ठेवलाय. जुनी कर्जं मुदतीआधीच फेडलीत हेही कळलं. दादाने फोनवर मला ते असं सांगितलं, की जणू एखादी गाय सुखरूप व्याली.

तू त्या दोन दिवसांत इथे होतीस तेव्हा विचारलं होतंस, की ज्यांचे पैसे सांभाळते त्यांना मी कधी भेटते का. तेव्हा नाही म्हटलं होतं. आता भेटले, म्हणून लिहायला बसले.

आमच्या फंडाची वार्षिक सभा एका शाळेच्या हॉलमध्ये असते. एरवी मोठे लोक व्यासपीठावर बसतात आणि आम्ही मागे. या वर्षी आमच्या फंडाचे साहेब आजारी पडले आणि गुंतवणुकीबद्दल बोलायला मला उभं केलं. समोर दोनशेएक माणसं, बहुतेक निवृत्त झालेली. लहान मुलांच्या खुर्च्यांवर अवघडून बसलेली. मी सांगत गेले, एवढे सरकारी रोख्यांत, एवढे इमारतींत, एवढे परदेशी कंपन्यांत. कुणी जांभया देत होतं, कुणी चहाची वाट बघत होतं.

मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. दवाखान्याच्या धुलाईखान्यात आयुष्य काढलेल्या. हात मनगटापर्यंत लाल, आणि आवाज असा की मशीनवर ओरडून बोलायची सवय झालेला.

“ती लिफ्टची कंपनी,” त्या म्हणाल्या. “तिला आमचे पैसे का दिले?”

मी देखभालीच्या करारांचं सांगितलं. आमच्याच शहरातल्या इमारती त्यांना आमच्याच चलनात पैसे देतात, त्यातूनच ते आपलं कर्ज फेडणार, हे सांगितलं. आधी त्यांनी तसं केलं नव्हतं तेव्हा आम्ही घेतले नाहीत, हेही.

“तुम्ही ओळखता त्यांना?”

हॉलमध्ये नियमवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवलेला मला दिसला. मी म्हटलं, “हो. त्या कंपनीत हे काम माझी वहिनी बघते. आमच्या कागदावर पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय. निर्णय मी घेतला नाही, पण प्रश्न मी विचारले.”

कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, गेली सभा. धुलाईवाल्या बाई उभ्याच होत्या.

“मग वहिनीने तुम्हाला जास्त दिले असतील.”

“नाही,” मी म्हटलं. “मागितले त्याच्या निम्मेही नाही.”

त्या हसल्या. “म्हणजे वहिनीच आहे खरी,” म्हणाल्या. सगळा हॉल हसला, नियमवाल्या बाईसुद्धा. पुढचं मला काही बोलावंच लागलं नाही.

चहाच्या वेळी त्या मला शोधत आल्या. कप दोन्ही हातांत धरला होता, ऊब घेत असल्यासारखा. त्यांनी विचारलं, “प्रश्न विचारलात तेव्हा रागावली का हो ती?”

“रागावली. पण तीन महिन्यांनी उत्तर घेऊन आली.”

त्यांनी मान हलवली. “मला दोन नणंदा होत्या,” म्हणाल्या. “दोघी फार गोड. माझा नवरा घर गहाण टाकत होता तेव्हा दोघींना माहीत होतं. एकीनेही त्याला काही विचारलं नाही.”

मग कप ठेवला, माझ्या दंडावर हात दाबला आणि बस गाठायला गेल्या.

तुझी,
नणंद